महिना नाही, पाणी बघा: फ्लाय फिशिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

फ्लाय फिशिंग म्हणजे हुकावर बांधलेल्या नकली किड्याने, म्हणजे फ्लायने, मासे पकडणं. डोंगरी नद्यांवरच्या ट्राउटबद्दल आलेले प्रश्न यावेळी एकत्र घेतलेत. बरेचसे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येतात, कुठल्या ऋतूत काय करायचं, त्यामुळे उत्तरंही एकमेकांत गुंतलेली आहेत, सलग वाचलीत तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न: मी नुकतंच शिकायला लागलोय. प्रत्येकजण वेगळा महिना सांगतो. ट्राउटसाठी नक्की कुठला महिना चांगला?

महिना सोडा, पाणी किती डिग्रीला आहे ते बघा. ट्राउट थंड रक्ताचा मासा आहे, म्हणजे त्याचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं आणि त्याची भूक, पचन, हालचाल सगळं त्यावर चालतं. पाणी 4-5 डिग्री सेल्सिअसच्या खाली असेल तर तो तळाशी संथ पाण्यात पडून राहतो, तोंडासमोर काही आलं तर घेतो पण त्यासाठी लांब जात नाही. 7-8 डिग्रीला हालचाल वाढते, 10 ते 16 हा त्याचा खरा खाण्याचा पट्टा, आणि 19-20 च्या वर गेलं की त्याला त्रास व्हायला लागतो. ब्राउन आणि रेनबो या ट्राउटच्या दोन्ही जातींना हे आकडे ढोबळ मानाने लागू पडतात.

आता गंमत अशी की एकाच नदीवर एकाच दिवशी वरच्या अंगाला, जिथे बर्फ वितळून पाणी येतंय तिथे 6 डिग्री असू शकतं आणि खाली दरीत 13, म्हणजे तारीख एकच पण माशांसाठी दोन वेगळे ऋतू चालू असतात. म्हणून एक छोटा थर्मामीटर दोरीला बांधून खिशात ठेवाच, सावलीतल्या वाहत्या पाण्यात दोनेक मिनिटं धरा आणि वहीत तारीख, वेळ, तापमान आणि मासे काय करत होते एवढं लिहून ठेवा. भारीतल्या रॉडपेक्षा या वहीने तुम्हाला जास्त मासे मिळतील असं मला खात्रीने वाटतं.

आणि महिना किती फसवा असतो बघा. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा आणि त्याला लागून असलेल्या पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिकेचा. 1864 मध्ये त्याची अंडी ओलं शेवाळ आणि बर्फात ठेवून जहाजाने इंग्लंडहून टास्मानियाला नेली. उत्तर गोलार्धात हा मासा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर अंडी घालतो, तिकडे त्याची पिल्लं मोठी झाली आणि तिथल्या शरद ऋतूत, म्हणजे एप्रिलनंतर अंडी घालायला लागली. दिवस लहान व्हायला लागले आणि पाणी गार झालं, एवढंच त्याला कळतं.

प्रश्न: वसंतात सुट्टी काढून नदीवर गेलो तर पाणी गढूळ आणि दुथडी भरून. बर्फ वितळताना मासेमारी होतच नाही का?

होते, पण रोजच्या जागा सोडाव्या लागतात. सगळ्यात आधी वेळ बदला. डोंगरावरचा बर्फ दुपारच्या उन्हाने वितळतो आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ किंवा रात्र होते, त्यामुळे रात्री पुन्हा गारठा पडत असेल तर सकाळी पाणी त्यातल्या त्यात कमी आणि स्वच्छ असतं, आणि चारनंतर बघता बघता चढतं. किती तास लागतात हे बर्फ किती लांब आहे त्यावर आहे, ते एकदा काठावर दगड रचून खूण करून बघा म्हणजे तुमच्या नदीचं घड्याळ तुम्हाला कळेल.

दुसरं म्हणजे जागा. मधला प्रवाह इतका जोरात असतो की तिथे उभं राहण्यात माशाची ताकद खर्च होते, म्हणून मासे अगदी काठाला येतात, बुडालेल्या गवताच्या कडेला, मोठ्या दगडाच्या मागे, जिथे पाणी उलटं फिरतं तिथे. तुम्ही एरवी जिथे पाय टाकून उभे राहता बरोबर तिथे. म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही, काठावरूनच आखूड कास्ट करायचा, म्हणजे फ्लाय जवळच फेकायची. जड निम्फ (पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय) तळापर्यंत जाऊ द्या, नाहीतर काळा किंवा गडद वूली बगर, ही केसाळ, मोठी बुडणारी फ्लाय, गढूळ पाण्यात गडद रंगाची आकृती जास्त उठून दिसते. टिपेटही, म्हणजे फ्लाय बांधायचा दोरीचा शेवटचा बारीक भाग, जाड चालतं, 3एक्स लावा (एक्सचा आकडा जितका लहान तितकं टिपेट जाड).

तलावातून निघणारी नदी असेल तर तिकडे जा, तलावात गाळ खाली बसतो आणि पुढे पाणी निवळून येतं. छोटे ओढेही मुख्य नदीच्या आधी निवळतात. हिमनदीतून येणाऱ्या नद्यांचं मात्र गणित वेगळं, त्यांच्यात दगडाचं बारीक पीठ येतं आणि ऐन उन्हाळ्यात त्या दुधाळ होतात, तिथे उन्हाळ्याच्या आधीचे किंवा नंतरचे स्वच्छ दिवस पकडावे लागतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, या दिवसांत गुडघ्याच्या वर जोरातलं पाणी असेल तर पलीकडे जायचा विचारही करू नका. पाय घसरलाच तर उभं राहायची धडपड न करता पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि तिरकं तिरकं काठाकडे या. इतक्या गार पाण्यात हातापायातली ताकद काही मिनिटांत जाते.

प्रश्न: माझ्या चारी बाजूंना मासे वर येऊन खात होते, दोन तास सगळ्या ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणाऱ्या) लावून बघितल्या, एकही लागला नाही. मी काय चुकवतेय?

तुमच्या पत्रात एक ओळ महत्त्वाची आहे, तुम्ही लिहिलंय की "पाठ आणि शेपूट दिसायची पण तोंड दिसत नव्हतं". तिथेच उत्तर आहे ताई. तोंड दिसत नाही म्हणजे मासा पाण्यावरचा किडा खात नव्हता, पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली अडकलेला, अर्धवट बाहेर आलेला किडा खात होता.

हे नीट समजण्यासाठी मेफ्लाय या नदीतल्या किड्याचं आयुष्य माहीत हवं. ती बहुतेक आयुष्य निम्फ, म्हणजे बिनपंखी पिल्लू, म्हणून दगडांखाली काढते, कित्येक जातींत जवळजवळ वर्षभर. मग पाणी योग्य तापमानाला आलं की वर येते, पृष्ठभागाला चिकटून आपली कात फोडते आणि पंखवाला किडा बाहेर पडतो, त्याला डन म्हणतात, त्याचे पंख धुरकट आणि शिडासारखे उभे असतात. तो उडून झाडाझुडपात जातो आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकतो. पंख आल्यावर परत कात टाकणारा किड्यांमध्ये हा एकच गट आहे. आता त्याचे पंख काचेसारखे पारदर्शक होतात, त्याला स्पिनर म्हणतात, मग नदीवर थवे जमतात, मिलन होतं, माद्या अंडी सोडतात आणि पंख पसरून पाण्यावर पडून मरतात. म्हणजे एकाच किड्याची माशाला चार वेगळी जेवणं मिळतात, तळाशी निम्फ, वर येताना अडकलेला, पाण्यावर उभा डन आणि पाण्याला चिकटलेला मेलेला स्पिनर. यातलं सगळ्यात सोपं अडकलेला, कारण तो पळू शकत नाही, म्हणून मोठे मासे बरेचदा तेच निवडतात आणि डनकडे बघतही नाहीत.

तर पुढच्या वेळी रॉड खाली ठेवून पाच-दहा मिनिटं नुसतं बघा. नाक बाहेर आलं आणि मागे बुडबुडा राहिला तर मासा वरचं खातोय, कारण किड्याबरोबर हवाही तोंडात गेली. नुसती पाठ दिसली तर अडकलेलं खातोय. पाणी उडवत, घाईने झेप घेत असेल तर बहुतेक कॅडिस नावाची दुसरी नदीमाशी, कारण ती पटकन वर येऊन उडून जाते. आणि संध्याकाळी वारा पडल्यावर एकदम शांत, जेमतेम तरंग उठेल असं खात असेल तर स्पिनर. पाठ दिसणाऱ्या माशासाठी पॅराशूट ॲडम्स ही फ्लाय चांगली, तिचं अंग पाण्यात रुतून बसतं, किंवा साधी फेझंट टेल निम्फ घ्या, लीडरला (लाइन आणि फ्लायमधल्या बारीक दोरीला) शेवटचा हातभर सोडून फ्लोटंट, म्हणजे तरंगत ठेवणारं मलम, लावा म्हणजे ती पृष्ठभागाच्या जरा खालीच राहील. ही निम्फ फ्रँक सॉयर नावाच्या इंग्लंडमधल्या एका नदीरक्षकाने बनवली, त्यात दोरा वापरतच नाहीत, फक्त तांब्याची तार आणि तितराच्या जातीतल्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू. इतकी साधी गोष्ट पण अजून जगभर चालते.

आणि हे सगळं बरोबर करूनही मासा येत नसेल तर फ्लाय नाही, ड्रॅग बघा. तुमच्या आणि माशाच्या मध्ये जोरातलं पाणी असलं की ते लाइनला ओढतं, लाइन फ्लायला ओढते, आणि फ्लाय बाजूच्या फेसापेक्षा एवढीशी जरी वेगळी पळाली तरी माशाला कळतं. लाइन पडल्या पडल्या तिचा मधला भाग प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाका, त्यालाच मेंड करणं म्हणतात, किंवा सरळ जागा बदला, दोन पावलं पुढे जाऊन कित्येकदा सगळा प्रश्न सुटतो. टिपेट लांब आणि बारीक करा. फ्लाय बदलण्यात जितका वेळ लोक घालवतात त्याच्या निम्मा वेळ जागा बदलण्यात घातला तर बरं होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: उन्हाळ्यात पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, मासे दिसतात, पण मी जवळ गेलो की गायब. काय उपाय?

मासा तुम्हाला बघतो आणि ऐकतो पण. पाण्याखालून वर बघताना त्याला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण 97 अंशांच्या कोनातून, त्या गोलाच्या बाहेर त्याला पाण्याखालचंच प्रतिबिंब दिसतं. ही खिडकी मासा जितका खोल तितकी मोठी, एक फूट खोल असेल तर सव्वादोन फूट व्यासाची. खिडकीच्या कडेला सगळं चेपलेलं आणि धूसर दिसतं, पाण्याच्या पातळीपासून दहाएक अंशांच्या खालचं तर जवळजवळ दिसतच नाही. हिशोब केला तर 30 फुटांवर उभं असताना पाण्यापासून पाचेक फुटांच्या आत राहिलात तर तुम्ही बरेच सुरक्षित, म्हणून उंच काठावर उभं राहू नका, वाका, गुडघ्यावर बसा, मागे झाड असेल असं बघा. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो म्हणून खालच्या बाजूने वर चढत जा. पाय हळू टाका, दगडावर दगड आपटलेला त्याला अंगाच्या बाजूच्या रेषेतून लगेच जाणवतो.

फ्लायचं म्हणाल तर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नदीतले किडे कमी होतात आणि काठावरचे पडायला लागतात, मुंग्या, भुंगे, नाकतोडे. वाऱ्याच्या दुपारी गवताळ काठाला नाकतोड्याची फ्लाय जराशी थपकन पडली तरी चालते, उलट बरंच. काळी मुंगी 16 किंवा 18 नंबरची, ही मी उन्हाळ्यात कधीच विसरत नाही. (नंबर जितका मोठा तितका हूक लहान, हे नवीन लोकांसाठी.)

प्रश्न: तापमान 20 च्या वर गेलं तर मासे पकडणं बंद करावं असं ऐकलं. पकडून सोडून देणार असलो तरी?

हो, तरीही, खरं तर तेव्हाच जास्त. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. समुद्रसपाटीच्या हिशोबाने 5 डिग्रीला लिटरमागे पावणेतेरा मिलिग्रॅमच्या आसपास, 20 डिग्रीला 9 च्या जरा वर, आणि उंचीवर हवाच विरळ म्हणून आणखी कमी. नेमकं त्याच वेळी गरम पाण्यामुळे माशाच्या अंगाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. मग तो गळाला लागून झुंजला की दमतो आणि ती दमणूक भरून काढायला पाण्यात पुरेसं काही नसतं, पोहत गेलेला दिसतो आणि तासाभराने कुठेतरी खाली मरतो, तुम्हाला कळतही नाही. म्हणून उन्हाळ्यात पहाटे जा, त्या वेळी पाणी सगळ्यात गार असतं, संध्याकाळी ऊन गेलं तरी पाणी बराच वेळ तापलेलंच राहतं. थर्मामीटर 19 दाखवायला लागला की लाइन गुंडाळा, किंवा आणखी वर चढून गार ओढ्यावर जा. गार ओढा मोठ्या नदीला मिळतो तिथे उन्हाळ्यात मासे दाटीने जमतात, तिथे गळ टाकायचा मोह होतो, पण ते जीव वाचवायला आलेले असतात, त्यांना सोडा.

प्रश्न: शरद ऋतूत उथळ पाण्यात मोठे, रंगीत ट्राउट जोडीने उभे दिसले. ते खात का नव्हते?

कारण ते अंडी घालायला आले होते. मादी बारीक गोट्यांच्या जागी अंगावर कलून शेपटीने खड्डा करते, त्यात अंडी घालते, नर त्यावर वीर्य सोडतो आणि मग मादी वरच्या बाजूचे गोटे उडवून खड्डा झाकते. अशी जागा ओळखायला सोपी, आजूबाजूचे दगड शेवाळाने काळपट आणि तेवढाच तुकडा घासल्यासारखा स्वच्छ, फिकट. बरेचदा डोहाच्या शेवटी, जिथे पाणी उथळ होत पुढच्या उताराला लागतं तिथे, कारण तिथे पाणी गोट्यांमधून झिरपतं आणि अंड्यांना प्राणवायू मिळतो.

अशा माशांवर फ्लाय टाकू नका, कितीही मोठे असले तरी. आणि त्या फिकट तुकड्यावर पाय तर अजिबात ठेवू नका, आता नाही आणि पुढच्या वसंतापर्यंत नाही, कारण अंडी हिवाळाभर गोट्यांत असतात आणि फुटल्यावरही पिल्लं पोटाखालची पिवळी थैली संपेपर्यंत कित्येक आठवडे तिथेच दडून राहतात. रेनबो उलट वसंतात अंडी घालतो, त्यामुळे दोन्ही मासे असलेल्या नदीत वसंतातही खाली बघून चाला. बऱ्याच नद्यांवर या काळात बंदी असतेच, नियम नदीगणिक वेगळे, परवाना घेताना विचारून घ्या.

बाकी शरद ऋतू म्हणजे मला सगळ्यात आवडता. ढगाळ, बारीक पाऊस असलेली दुपार, पाणी 10-11 डिग्री, आणि बीटिस जातीच्या छोट्या राखाडी-हिरवट मेफ्लाय वर यायला लागतात, गार दमट हवेत त्यांचे पंख लवकर सुकत नाहीत म्हणून त्या पाण्यावर जास्त वेळ राहतात आणि मासे तुटून पडतात. ऊन पडलं म्हणून लोक खूश होतात, तुम्ही ढग आले की निघा. 18 नंबरची फ्लाय, 6एक्स टिपेट आणि अंडी घालण्याच्या जागांपासून लांबचे खोल डोह.

प्रश्न: हिवाळ्यात काही अर्थ आहे का?

आहे, नदी खुली असेल तर. लवकर उठायची गरज नाही, दुपारी 11 ते 3 एवढाच वेळ. संथ, खोल डोह, तळाला लागून अगदी हळू जाणारी छोटी निम्फ किंवा मिज (डासासारख्या बारीक किड्याची फ्लाय), 20-22 नंबर. मिज हिवाळ्यातही वर येतात, दुपारी संथ कडेला एखादं तोंड दिसलं तर ग्रिफिथ्स नॅट ही छोटी ड्राय फ्लाय लावा. काठाच्या बर्फाच्या पट्ट्यावर उभं राहू नका, खालून पाण्याने तो पोखरलेला असतो.

प्रश्न: एकच रॉड घ्यायचा तर कोणता? आणि रीलशिवायच्या जपानी रॉडबद्दल काय मत?

9 फुटी, 5 वेटचा घ्या (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा नंबर), छोट्या ओढ्यांवरच जाणार असाल तर साडेसात-आठ फुटी 3 किंवा 4 वेट. टिपेटसाठी हुकाच्या नंबरला तीनने भागा, 15-16 ला 5एक्स, साधारण जमतं. 5एक्स म्हणजे 0.006 इंच जाड. जपानी पद्धतीला टेंकारा म्हणतात, ती तिथल्या डोंगरी ओढ्यांवरच वाढली, लांब रॉड, टोकाला बांधलेली ठरावीक लाइन, रील नाही. खळाळत्या पाण्यात जवळजवळ सगळी लाइन हवेत उचलून धरता येते, मग ड्रॅगचा प्रश्नच कमी होतो. छोट्या पाण्यासाठी उत्तम. मोठ्या नदीत मोठा मासा लागला तर सोडायला लाइनच नसते, तेवढी मर्यादा.

प्रश्न: मी सोडलेला मासा उलटा होऊन तरंगायला लागला. सोडताना काय काळजी घ्यायची, आणि बूट धुवायला का सांगतात?

काळजी मासा गळाला लागण्याआधीच सुरू होते. हुकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, मग सोडवायला क्षण लागतो. अगदी बारीक टिपेटने मासा उगाच दमेपर्यंत खेळवू नका. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. रबरी जाळं वापरा, मासा पाण्यातच ठेवा, फोटो हवाच असेल तर आधी कॅमेरा तयार ठेवून 10 सेकंदांच्या आत. उलटा झाला तर प्रवाहाकडे तोंड करून, संथ पण वाहत्या पाण्यात पोटाखाली हलका आधार द्या, कल्ले नियमित हलायला लागले आणि तो स्वतः हातातून जोर लावून निघाला की मगच सोडा. मागे-पुढे हलवू नका, मागे ओढलं की कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. कल्ल्यांना बोट लावायचं नाही आणि पोट दाबायचं नाही.

बुटांचं असं की एका नदीतलं शेवाळ आणि रोग बुटांवर बसून दुसऱ्या नदीत जातात. न्यूझीलंडमध्ये 2004 मध्ये दक्षिण बेटावर डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, ते दगडांवर जाड थर धरतं आणि निम्फची जागाच बदलून टाकतं. लोकरीसारख्या फेल्टच्या तळव्यात ते दिवसेंदिवस ओलं, जिवंत राहू शकतं, म्हणून 2008 मध्ये तिथे फेल्टचे तळवे बंद केले. रबरी तळवा घ्या, पकड कमी वाटली तर खिळे लावून घ्या. नदी बदलताना बूट, वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक पँट) आणि जाळं ब्रशने घासा, चिखल आणि शेवाळ काढा, पूर्ण वाळवा. आतला ओलावा हाताला लागत असेल तर अजून वाळलेलं नाही, दुसरा जोड घाला किंवा त्याच नदीवर परत जा.